लायनीतली चिरचिर

ब्लाउज शिवताना मी फोनच्या तारा कानात घालून बसते. गिऱ्हाईक बायकांना वाटतं, टेलरबाई भजन ऐकतात. एकीनं तर विचारलंसुद्धा, कुठल्या महाराजांचं कीर्तन ऐकता म्हणून. मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. पंचावन्न उलटलेली, साताऱ्यात संसार केलेली बाई हुक-काजं करता करता कुठल्याशा परदेशी पोरीचं रडणं ऐकते, आणि तेही नाचायच्या ठेक्यावरचं, हे कुणाला पटवून देणार?

ते संगीतच तसं होतं. ढोलाच्या जागी मशीन, पेटीच्या जागी मशीन, आणि मध्ये एक सतरा-अठरा वर्षांची पोरगी. तिला धड गाता येत नाही, पण तिचं कुणीतरी मन मोडलंय हे खरं आहे. ठेका म्हणतो नाच, ती म्हणते मला सोडून गेला. दोन्ही एकाच वेळी चालू. आम्हाला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, तरी ती रडते आहे हे कळायचं. कॅसेटवर मात्र 'फ्रीस्टाइल' असं लिहिलेलं असे, आणि आमच्या सांगली भागात फ्रीस्टाइल म्हणजे कुस्ती. मामानं पहिली कॅसेट आणली तेव्हा वडील हात धुऊन, टोपी घालून कॉमेंट्री ऐकायला बसले होते. गाणं सुरू झाल्यावर त्यांनी जी टोपी काढली आणि उठले, ते परत त्या टेपच्या वाटेला गेले नाहीत.

मामाचं गलाईचं दुकान होतं, कोचीला. विट्याच्या बाजूची माणसं देशभर हा धंदा करतात. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. मामा दिवाळीला गावी यायचा तेव्हा सगळ्यांना केळ्याचे वेफर्स आणि आम्हा भावंडांना कॅसेटी. बंदरावर बोटीवरचे खलाशी विकून जायचे त्या. मामाला त्यातलं काही कळत नव्हतं. तो वजनावर घेतल्यासारखा पिशवी भरून आणायचा.

माझा दादा माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. त्यानं दहावीनंतर शाळेला रामराम ठोकला आणि विट्यात कॅसेट भरून द्यायचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे काय, एका सायकलवाल्याच्या शेजारची बोळ. पण खरं काम घरी चालायचं, आमच्या माळवदाच्या खोलीत. दोन टेप शेजारी शेजारी. एकावर गाणं वाजतंय, दुसऱ्यावर भरून घ्यायचं. एक गाणं संपायच्या आत दुसरं असं जोडायचं की नाचणाऱ्याचा पाय अडखळता कामा नये. त्याला आम्ही जोड म्हणायचो. बटण दाबून धरायचं आणि बरोबर ठोक्यावर सोडायचं. दादाची बोटं चलाख होती, पण ठोका मी धरायचे. त्याच्या पाठीमागं बसून मी त्याच्या पाठीवर बोटानं ताल द्यायचे आणि जोडेच्या ठोक्याला चापट मारायचे. चापट बसली की दादा बटण सोडायचा. एखादी जोड अशी बसायची की दादा टेप मागं घेऊन तीच परत वाजवायचा.

गाण्यांची खरी नावं कुणाला ठाऊक? आम्हीच ठेवली. एक 'घसरगुंडी', एक 'पोपटीण', आणि सगळ्यांत लाडकी 'रडकी'. रडकीत मध्येच सगळी वाद्यं थांबायची, ती पोरगी नुसता श्वास घ्यायची, आणि मग पुन्हा सगळं अंगावर यायचं. आई खालून ओरडायची, "आरं, कुणाच्या घरची लेक एवढी रडतीया, आन् तुमी नाचताय व्हय रं!" तिचं खरंच होतं. आम्ही नाचायचो. मला बाहेर नाचायची परवानगी नव्हती म्हणून मी माळवदावर नाचायचे, आणि जत्रेतल्या स्पर्धेत पोरं आमच्या जोडांवर डोक्यावर उभी राहून गरगर फिरायची ते पटांगणाच्या कडेला बायकांत बसून बघायचे. प्रत्येक जोडेला माझा हात आपोआप मांडीवर पडायचा. शेजारची म्हातारी म्हणाली, "डास हायत व्हय गं?"

त्या वेळी दादाला सगळे डीजे म्हणायचे आणि तो शब्द ऐकून माझी मान ताठ व्हायची. आता तोच शब्द ऐकला की मी मान खाली घालते.

कारण त्या शब्दाचं पुढं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कॅसेटी गेल्या, सीडी आली, तीही गेली. दादानं दुकान मोडून बॉक्स घेतले. आधी लग्नाच्या वरातीला टेम्पोत मावतील एवढे, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, मग ट्रॉलीही पुरेना. खाली छातीत धडकी भरवणारे ते बेस, वर किंचाळणारे ते टॉप. आमच्याकडं या सगळ्या अगडबंब प्रकाराला डॉल्बी म्हणतात. चार टॉप चार बेस, मग सहाला सहा, मग मोजणंच सोडलं. जोडबीड काही उरली नाही. आवाज किती लांब जातो एवढंच राहिलं. आमचं गाव म्हणे शेजारच्या गावाला हरवतं, आणि कशात, तर भिंतीला तडा जाण्यात.

साताऱ्यात आमचं घर राजपथाच्या मागच्या गल्लीत. विसर्जनाच्या दिवशी कपाटातली भांडी आपोआप सरकतात. समोरचे रिटायर्ड सुभेदार, ज्यांनी सीमेवर तोफा डागल्या, ते त्या दिवशी कानात कापसाचे बोळे घालून माडीवर पांघरुणात बसतात. दुसऱ्या दिवशी बायका माझ्या दुकानात येऊन शिव्या घालतात, "या डीजेवाल्यांना फोडून काढलं पाहिजे." मी म्हणते, "पाहिजेच." आणि टीप उलटी घालते. सख्खा भाऊ तोच धंदा करतो हे मी कुणाला सांगत नाही. राग दादाचा येतो की बायकांचा, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

यंदा राखीला माहेरी गेले. एसटी विट्याला पोचली तेव्हा दुपार होती. घरासमोर बघते तर दादा कमरेएवढ्या खड्ड्यात उभा. टिकाव हातात, अंग घामानं निथळतंय. शेजारी कोळशाचं पोतं आणि खड्याच्या मिठाचं पोतं.

"काय रं दादा, विहीर काढतोस का?"

"अर्थिंग करतोय. लायनीत चिरचिर हाय."

वहिनी दारात उभी होती. तिनं कपाळाला हात लावून दाखवला. "आवं वन्सं, हा तिसरा खड्डा. दिवाळीपासनं ह्येच चाललंय. आधी म्हणलं इन्व्हर्टर, तो बदलला. मग म्हणलं बल्ब, सगळं बल्ब काढलं. मग फ्रीज. आठ दिस फ्रीज बंद ठिवला, माजं दूध नासलं. मला तर कायबी ऐकू येत न्हाई, पर माजं ऐकतंय कोण?"

"तुला साऊंडमधलं काय कळतंय?" दादा खड्ड्यातूनच म्हणाला.

ज्यांचं आयुष्य तारांत गेलंय, त्यांना कुठं आवाज आला की तार दिसते. अर्थिंग नीट नसेल तर अँप्लिफायर गुणगुणतो, हे दादानं उभ्या तालुक्याला शिकवलंय. मी आत गेले, पंखा बंद केला, उभी राहून कान लावला. बाहेर कोंबड्या, लांब कुठं ट्रॅक्टर. चिरचिर नव्हती. माझे कान म्हातारे झाले असतील असं म्हणून मी सोडून दिलं. दादाच्या कानावर शंका घ्यायचं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. माझ्यासाठी ते घरातले सगळ्यांत शहाणे कान होते.

राखी बांधून झाली, पुरणपोळी झाली. उन्हं कलायला लागली तशी घरामागच्या मोकळ्या रानात ट्रायल लागली. गणपतीच्या आधी प्रत्येक डॉल्बीवाला ट्रायल घेतो, आणि ती बघायला चार गावची पोरं मोटारसायकली घेऊन येतात. माझा भाचा, दादाचा एकुलता एक मुलगा, लॅपटॉपवर गाणी लावतो. तिशीच्या जवळ आलाय, दोन लेकरांचा बाप. आवाज मात्र दादाच लावतो. मिक्सरवरच्या बटणांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालत नाही.

सुरू झालं. बेस पोटात गेला, ते मला अपेक्षित होतं. पण टॉप! शिवताना सुई नखातून आरपार जाते ना, तसं कानातून गेलं. मी दोन्ही हात कानावर दाबले. आजूबाजूची पोरं मात्र खुशीत. "लय क्लियर गड्या! नुसतं काचंवानी!" भागात दादाच्या टॉपची म्हणे ख्याती आहे. एवढं स्वच्छ कुणाचंच वाजत नाही. दादा मिक्सरशी वाकून टॉपचं बटण आणखी चढवत होता. कपाळाला आठ्या, मान तिरकी, अजून समाधान नाही.

त्यानं बंद केल्यावर मी जाऊन म्हटलं, "दादा, टोचतंय लय."

"टोचतंय? अजून तर उघडलंच न्हाई. मला मळकट लागतंय."

"मळकट? अरे, माझ्या दाढा हलल्या."

"तुमी साताऱ्याची माणसं. तुमच्या दाढा भजनानंबी हालत्यात." पोरं हसली. मीही हसले, पण माझं मन लागेना.

संध्याकाळी आम्ही दोघं पडवीत चहा घेत बसलो. मी त्याच्यासाठी मुद्दाम एक आणलं होतं. माझ्या लेकीनं फोनवर ती जुनी गाणी शोधून दिली आहेत. जगात आमच्यासारखी कितीतरी माणसं आहेत म्हणे, ज्यांनी तेव्हा माळवदावर जोड लावल्या आणि आता त्या तासातासाच्या करून इंटरनेटवर टाकल्या आहेत. खाली लोक लिहितात, लेक मला वाचून दाखवते. कुणी लिहितं, माझी बहीण यावर नाचायची. कुणी लिहितं, आता नाचायला कुणी उरलं नाही. आणि त्यातच मला एके दिवशी रडकी सापडली होती. मी लहान स्पीकरला फोन जोडला आणि न बोलता लावली.

दादाचा चेहरा असा फुलला की काय सांगू! पहिल्या ठोक्यालाच पायाचा अंगठा हलायला लागला. "आयला! रडकी!" तो म्हणाला. ताल धरला तो एकदम पक्का. मग मधली ती जागा आली. वाद्यं थांबली. त्या पोरीनं श्वास घेतला. मी डोळे मिटून तो ऐकला आणि डोळे उघडले तर दादा स्पीकर उचलून बघत होता.

"बंद पडलं का काय?"

"न्हाई. ती श्वास घेती."

वाद्यं परत आली. दादाचा अंगठा परत हलायला लागला, पण तो खुश नव्हता. "टेप मळलीया गं. वरचं सगळं गेलंय. ते झांजंवानी वाजायचं की, च्स च्स च्स, ते कुठंय?"

"टेप न्हाई रे ही. फोन हाय. फोनमधलं मळत न्हाई."

"मग भरणाऱ्यानंच वरचं कापलंय."

झांज वाजत होती. लख्ख वाजत होती, आमच्या टेपवर कधी वाजली नव्हती इतकी. मी हातातली कपबशी खाली ठेवली. दुपारचे टॉप आठवले, त्याची तिरकी मान आठवली. त्याला वरचं, बारीक काही ऐकूच येत नव्हतं. येत नव्हतं म्हणून तो ते चढवत होता, आणि सगळा तालुका त्याला क्लियर म्हणत होता. किती गावची पोरं त्या काचेसमोर नाचली असतील, कुणास ठाऊक.

गाणं बंद करून मी विचारलं, "दादा, ती चिरचिर आत्ता येती का?"

"येती की."

"मळ्यात गेल्यावर?"

"मळ्यात रातकिडं असत्यात."

"भर दुपारी?"

"दुपारीबी वरडत्यात काय काय."

"देवळात?"

"देवळात त्यांच्या माईकची वायर खराब हाय. म्या सांगितलंय त्यास्नी."

प्रत्येक जागेचं उत्तर त्याच्याकडं तयार होतं. मला राग आला. एवढा शहाणा माणूस आणि असा आंधळा कसा! मी उठले, भिंतीवरच्या मेनस्विचकडं गेले आणि खटका खाली ओढला. आत वहिनी ओरडली. टीव्ही गेला, पंखे फिरत फिरत थांबले. घर इतकं शांत झालं की चुलीवरची आमटी उकळताना ऐकू यायला लागली.

"आता?"

दादा बसल्या जागी कान देत राहिला. "वाजतंय." मग त्यानं रस्त्यावरच्या खांबाकडं बघितलं. "शेजाऱ्याच्या घरातनं येत असंल. त्येचं कनेक्शन आपल्याच खांबावर हाय."

मी त्याच्या मागं जाऊन उभी राहिले. लहानपणी बसायचे तशीच मागं, पण चापट मारायला हात उचलेना. दोन्ही तळवे त्याच्या कानांवर घट्ट दाबून धरले. केस पांढरे झालेत, कानाच्या पाळ्या मऊ पडल्यात. एवढ्या वर्षांत मी त्याच्या डोक्याला हात लावला नव्हता. मग मी थोडा हात सैल केला आणि त्याच्या कानाशी मोठ्यानं विचारलं, "आता?" आणि परत दाबला.

तो डोळे मिटून ऐकत राहिला. त्याचे खांदे आधी ताठ होते, ते हळूहळू खाली आले.

"वाढलं की गं," तो म्हणाला.

मी हात काढले. वहिनी दाराशी आमटीचा डाव हातात घेऊन उभी होती. तिला काय झालं ते कळलं नसावं, पण काहीतरी झालंय हे कळलं होतं. दादा अंगणातल्या खड्ड्याकडं बघत होता, त्या कोळशाच्या आणि मिठाच्या पोत्यांकडं.

"म्हंजी लायन चांगली हाय," तो म्हणाला.

"चांगली हाय दादा."

मी त्याला सांगितलं की मिरजेला कानाचे चांगले डॉक्टर आहेत, मी बरोबर येते, आजकाल मशीन मिळतं, आणि असंच बरंच काही. तोंडाला येईल ते बोलत होते. बोलताना मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. तो ऐकत होता की नुसता माझ्या तोंडाकडं बघत होता, सांगता येत नाही. हेही माझ्या आत्ताच लक्षात आलं की बोलताना तो गेली काही वर्षं माणसाच्या तोंडाकडंच बघतो. आम्ही म्हणायचो, दादा किती मन लावून ऐकतो.

तेवढ्यात भाचा बॉक्सवर ताडपत्री झाकून रानातून आला. अंधारलेलं घर बघून म्हणाला, "लाईट गेली का? समोर तर हाय." त्यानं स्वतःच जाऊन मेनस्विच वर केला आणि हात झटकत पायरीवर टेकला. "आत्ती, ट्रायल कशी झाली? पुढच्या साली नागपंचमीला शिराळ्याची पोरंबी आपलीच डॉल्बी सांगत्यात."

दादानं त्याला जवळ बोलावलं. समोर बसवलं. मला वाटलं, तो आता स्वतःचं सांगणार, आणि मी मनाची तयारी केली. पण त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुज्या कानात काय वाजतंय का रं?"

भाचा हसला. कुणी विचारावं, जेवलास का, इतक्या सहज त्यानं उत्तर दिलं. "आवं आण्णा, ते सगळ्या पोरांच्याच वाजतंय. मिरवणूक झाली की दोन दिस शिट्टी असती. मग जाती आपोआप."

दादानं त्याच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

"माजीबी जायाची," तो म्हणाला. "पयल्यांदा."